मोडक्या तबकडींतील ठेवा

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. त्या जिल्ह्यांत, साकोली तालुक्यांत, सानगडी नांवाचें एक जुनें गांव आहे. गांवास किल्ला आहे, आणि या मुलखांत दूरवर भाताच्या बांध्या पसरलेल्या आहेत. पावसानें जोर धरला आणि पऱ्हे हाताशीं आले, कीं बांध्याबांध्यांतून रोवणीच्या बायांच्या रांगा वांकलेल्या दिसतात. हात चिखलांत चालतात आणि तोंडानें गाणें चालतें. दिवाळी सरली कीं गांवोगांव मंडई भरते, दंडारीचे खेळ होतात, रात्र रात्र नाटकें रंगतात. झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशाचीं गाणीं, त्याची बोली आणि त्याचे हास्यविनोद यांचा फार मोठा भाग अद्यापि माणसांच्या तोंडींच आहे. माणूस गेलें, कीं त्याच्याबरोबर तोही जातो.

अशा या गांवांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. घरांत ऐंशीच्या घरांतली आजी आहे. जात्यावरच्या ओव्या आणि रोवणीचीं गाणीं तिला शेकड्यांनीं पाठ आहेत. नागपुरास शिकावयास राहिलेली तिची नात सुटी लागली कीं घरीं येते, आजीपाशीं बसते, आणि आपल्या मोबाइलवर तिचीं गाणीं ध्वनिमुद्रित करते. मोबाइलमध्यें जागा पुरेनाशी झाली, कीं तीं सर्व एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर उतरवून ठेवते. तळहातावर मावेल एवढी ती काळी डबी. चार वर्षांत तिच्यांत लग्नकार्यांचीं छायाचित्रें, शेताचे कागद आणि आजीचा आवाज असा सारा ठेवा सांठतो. मग एका पावसाळ्यांत आजी जाते. वर्षश्राद्धास जमलेल्या आप्तेष्टांस तिचा आवाज ऐकवावा म्हणून नात ती डबी संगणकास जोडते. इतक्यांत कोणा धांवत्या पोराचा पाय वायरींत अडकतो, आणि चालू असलेली डिस्क टेबलावरून फरशीवर आपटते. उचलून पुनः जोडली, तर पडद्यावर कांहीं दिसत नाहीं. डबीच्या आंतून मात्र आवाज येऊं लागतो : टक्, टक्, टक्.

हें घर कल्पनेंतील आहे. प्रसंग मात्र कल्पनेंतील नाहीं. शहरांत आणि खेड्यांत तो कित्येक कुटुंबांवर आलेला आहे, आणि ज्यांच्यावर आला नाहीं त्यांच्यावर येणारच नाहीं असें नव्हे. म्हणून त्या टक्-टक् आवाजाचा अर्थ काय, तो कानीं पडतांच काय करावें, आणि त्याहूनही महत्त्वाचें म्हणजे काय करूं नये, याचा विचार प्रत्येक घरानें शांत वेळीं एकदां करून ठेवणें इष्ट आहे. कारण अशा प्रसंगीं ठेवा बहुधा पडण्यानें पूर्णपणें नष्ट होत नाहीं. तो नष्ट होतो पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-चार तासांत, आणि तोही प्रेमानें व घाईनें झटणाऱ्या घरच्याच हातांनीं.

त्या डबीच्या आंत आहे तरी काय? हार्ड डिस्कचा पहिला अवतार आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणला. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या त्यांत एकावर एक बसविलेल्या होत्या, यंत्राचें वजन टनाच्या मापानें मोजावें लागे, आणि एवढें करून त्यांत सुमारें ५० लाख अक्षरें मावत. आजच्या एक टेराबाइटच्या डबींत त्याच्या सुमारें दोन लाखपट मजकूर मावतो. आकार लहान झाला. तत्त्व मात्र तेंच राहिलें. ॲल्युमिनियमची किंवा कांचेची गुळगुळीत तबकडी, तिच्यावर अत्यंत पातळ असा चुंबकीय लेप, आणि त्या लेपावरील खुणा वाचणारें व लिहिणारें एक सूक्ष्म शीर्ष, ज्यास कारागीर हेड म्हणतात, एवढा हा मुख्य संसार.

ग्रामोफोनची तबकडी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस याची कल्पना सहज येईल. फरक एवढाच कीं, ग्रामोफोनची सुई तबकडीस टेंकलेली असते, आणि येथें टेंकली कीं अनर्थ होतो. घरगुती वापराची लहान डिस्क बहुधा मिनिटास ५४०० फेरे या गतीनें फिरते. म्हणजे तबकडीची कड ताशीं साठ किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत असते. त्या वेगानें उत्पन्न होणाऱ्या वाऱ्याच्या पातळ थरावर हेड तरंगतें. तें आणि तबकडी यांच्यामध्यें अंतर असतें थोड्याशा नॅनोमीटरांचें. माणसाच्या केसाची जाडी पाऊण लाख नॅनोमीटरांच्या आसपास असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे हवेंतील धुळीचा एक कण या यंत्राच्या दृष्टीनें वाटेंत पडलेल्या धोंड्यासारखा कसा ठरतो तें समजेल. डिस्क बंद असतांना हेड तबकडीपासून दूर, आपल्या नेमल्या जागीं विसांवलेलें असतें. म्हणून बंद डिस्क हातांतून पडली तर ती पुष्कळदां वांचते. चालू डिस्क पडते, तेव्हां हेड तबकडीवर आदळतें. तें वांकतें, तुटतें, किंवा तबकडीस चिकटून बसतें. टक्-टक् आवाज हा बहुशः त्या जखमी हेडाचा असतो. तें आपली जागा शोधूं पाहतें, सांपडत नाहीं म्हणून मागें परततें, आणि पुनः निघतें.

आतां आघाताचे प्रकार वेगळे केले पाहिजेत, कारण उपचार त्यांवर अवलंबून आहेत. पहिला प्रकार डिस्कच्या पाठीवरील विद्युत्पट्टीचा. चुकीच्या दाबाची वीज लागली तर ही पट्टी जळते; आंतील तबकड्या मात्र धड राहतात. हा प्रकार त्यांतल्या त्यांत सौम्य. तरी दुसऱ्या डिस्कची पट्टी काढून लावली कीं काम झालें, असें आतां उरलें नाहीं. प्रत्येक डिस्कच्या पट्टीवरील एका लहान चिपेंत त्याच डिस्कच्या हेडांचीं मापें नोंदलेलीं असतात, आणि ती चिप नव्या पट्टीवर बसवावी लागते. शिवाय कित्येक एक्स्टर्नल डिस्कमधील पट्टी मजकुरास आपोआप कुलूप घालून तो लिहीत असते. अशी पट्टी निरुपयोगी समजून फेंकून दिली, तर तबकड्या धड असूनही मजकूर वाचतां येत नाहीं. म्हणून डबीचा एकही तुकडा टाकूं नये. दुसरा प्रकार हेडाचा किंवा तबकडी फिरविणाऱ्या मोटरीचा. आणि तिसरा, सर्वांत वाईट, प्रकार म्हणजे तबकडीच्या लेपावर ओरखडे उठणें.

दुसऱ्या प्रकारांतून तिसऱ्यांत जावयास वेळ लागत नाहीं, आणि येथेंच घरच्या माणसांचा हात घात करतो. मोडलेलें हेड घेऊन तबकडी पुनः फिरूं लागली, कीं प्रत्येक फेऱ्यागणिक तें हेड लेप खरवडीत जातें. लेपाची भुकटी होते, ती भुकटी आंत उडते, आणि दुसऱ्या धड हेडाखालीं जाऊन त्याचाही नाश करते. जो लेप भुकटी होऊन उडाला त्यावरील गाणें जगांतील कोणताही कारागीर परत आणूं शकत नाहीं. कारण तो लेप हेंच तें गाणें होतें. यासाठीं पहिला नियम असा : टक्-टक्, घासल्याचा किंवा किणकिणण्याचा आवाज येतांच डिस्क तत्काळ काढावी, आणि पुनः एकदां पाहूं या, या मोहास बळी पडूं नये. दुसरी वायर, दुसरा संगणक, शेजारचा जाणता मुलगा, या सर्वांचा विचार मनांतून काढून टाकावा. हरवलेला मजकूर परत आणून देणारे जे प्रोग्राम मिळतात, ते चुकून पुसलेल्या मजकुरासाठीं आहेत, डिस्क धड असेल तेव्हांचे आहेत. जखमी डिस्कवर ते तासन्‌तास चालविणें म्हणजे मोडल्या पायाच्या माणसास पळावयास लावणें होय.

घरगुती उपायांची एक परंपराच लोकांत रूढ झाली आहे. डिस्क बर्फाच्या कप्प्यांत ठेवावी, हलकेच टेबलावर आपटावी, किंवा स्क्रू काढून आंत काय अडकलें तें पाहावें, असें कोणी ना कोणी सांगतोच. थंडीनें आंत दंव धरतें, आपटण्यानें दुसरा आघात होतो, आणि झांकण उघडतांच घरांतील हवा सहस्रावधि धूलिकणांसह आंत शिरते. क्वचित् कोणाची डिस्क अशा उपायानें चाललीही असेल; परंतु ज्यांच्या डिस्क त्यामुळें कायमच्या गेल्या ते लोक आपली कथा सहसा सांगत नाहींत.

पाण्याचा प्रकार निराळा आहे, आणि महाराष्ट्रास त्याचा अनुभव आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचें पाणी भंडारा शहरांत शिरलें. असें पाणी घरांत येतें तेव्हां तें स्वच्छ नसतें. गाळ, क्षार आणि घाण घेऊन तें येतें. भिजलेला मोबाइल तांदळांत पुरून ठेवण्याची रूढि सर्वत्र पडली आहे, आणि भाताच्या मुलखांत तांदळास तोटा नाहीं. पण भिजलेल्या डिस्कला तांदूळ उपयोगी नाहींत. आंतलें पाणी वाळलें, तरी त्यांतील गाळ आणि क्षार तबकडीवर डाग होऊन बसतात, व मग ते निघतां निघत नाहींत. म्हणून पुरांत सांपडलेली डिस्क उन्हांत वाळवूं नये आणि पुसूंही नये. ती ओलसर असतांनाच हवाबंद पिशवींत घालावी आणि जाणत्या माणसाकडे शक्य तितक्या लवकर पोंचवावी.

तें काम करणारे व्यवसायी नागपूर, पुणें, मुंबई अशा शहरांतून आहेत. त्यांची कार्यपद्धति ठाऊक असली, म्हणजे त्यांस काय विचारावें तेंही समजतें. प्रथम ते डिस्क चालू न करतां तपासतात. ती उघडण्याची जागा धूलिरहित असावी लागते. गाळलेल्या हवेचा संथ प्रवाह जेथें सतत वाहत असतो, अशा बंदिस्त खोलींत किंवा टेबलावर हें काम होतें. मोडलेलें हेड काढून त्याच्या जागीं त्याच कंपनीच्या, त्याच जातीच्या दुसऱ्या धड डिस्कमधील हेड बसवावें लागतें. ही दुसरी डिस्क बळी द्यावी लागते, आणि जुनी जात असली तर ती शोधावी लागते. या कामाचा खर्च मूळ डबीच्या किंमतीच्या कितीतरी पट होतो, त्याचें कारण मुख्यतः हेंच.

यापुढचा भाग धीराचा आहे. बसविलेलें हेड उसनें असतें; तें किती तास टिकेल याचा भरवसा नसतो. म्हणून निपुण कारागीर त्या डिस्कवरून एकेक गाणें उघडून पाहत बसत नाहीं. तो सर्व तबकडीची हुबेहूब नक्कल दुसऱ्या धड डिस्कवर उतरवूं लागतो. जेथें वाचन सहज होतें तो भाग आधीं घेतो, जेथें हेड अडखळतें तो भाग सोडून पुढें जातो, आणि धड भाग सर्व हातीं आल्यावरच दुखऱ्या जागांकडे परततो. पुढची जुळवाजुळव सारी त्या नकलेवर होते. मूळ डिस्कला पुनः हात लावला जात नाहीं. हेड मध्येंच निकामी होण्याचा संभव असल्यामुळें कोणती वस्तु आधीं हवी हें घरच्यांनीं ठरवून द्यावें. त्या नातीनें चिठ्ठींत स्पष्ट लिहावें, कीं छायाचित्रें मागाहून, शेताच्या कागदांच्या नकला कचेरींतून पुनः मिळतील. प्रथम आजीचा आवाज. काम देण्यापूर्वीं तपासणीचा अहवाल मागावा, यश न आल्यास किती पैसे पडतील तें लिहून घ्यावें, आणि काय काय वांचलें त्याची यादी पाहिल्यावांचून पूर्ण रक्कम देऊं नये. जो कारागीर डिस्क न पाहतांच शंभर टक्के हमी देतो, त्याजपासून सावध राहावें.

या विद्येचें सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही एकाच घटनेंत दिसून आल्या आहेत. १ फेब्रुवारी २००३ रोजीं कोलंबिया हें अंतराळयान सोळा दिवसांची यात्रा संपवून पृथ्वीवर परतत असतां साठ किलोमीटरांहून अधिक उंचीवर दुभंगलें. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी त्यांत मृत्यु पावले. यानावर झेनॉन या वायूच्या चिकटपणासंबंधीं एक प्रयोग झाला होता. त्याच्या निष्कर्षांचा कांहीं भाग उड्डाण चालू असतांनाच पृथ्वीवर पाठविला गेला होता. उरलेला एका हार्ड डिस्कवर होता. महिन्यांमागून महिने गेले, आणि एका कोरड्या तलावाच्या तळाशीं पडलेल्या अवशेषांत ती डिस्क सांपडली. ती म्हणजे जळून काळवंडलेला धातूचा एक गोळा होती. तिची पट्टी करपली होती, कडेचें बंधन वितळलें होतें, आंत माती गेली होती. मिनेसोटा संस्थानांतील ऑनट्रॅक या कंपनीच्या जॉन एडवर्ड्‌स नांवाच्या कारागिरानें तिच्या तबकड्या काढून धुतल्या, दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यांत बसविल्या, आणि सुमारें ९९ टक्के मजकूर परत मिळविला. त्यावरून लिहिलेला शास्त्रीय निबंध एप्रिल २००८ मध्यें प्रसिद्ध झाला. लेप शाबूत राहिला आणि मजकूर तबकडीच्या एका भागांत सलग लिहिलेला होता, हें त्या यशाचें रहस्य. त्याच यानाच्या अवशेषांतील दुसऱ्या दोन डिस्क मात्र इतक्या उद्ध्वस्त झाल्या होत्या, कीं त्यांतून कांहींच निघालें नाहीं. आकाशांतून पडलेली डिस्क बोलूं शकते, आणि टेबलावरून पडलेली कायमची मुकी होऊं शकते. भेद पडण्याच्या उंचीचा नव्हे, लेप वांचला कीं नाहीं याचा आहे.

परंतु उत्तम वैद्य गांवांत असणें हें आजारी पडण्याचें निमित्त होऊं नये. हार्ड डिस्क ही फिरणाऱ्या भागांची वस्तु आहे. ती पडली नाहीं तरी झिजते. पेन ड्राइव्ह आणि नव्या धर्तीच्या डिस्क यांत फिरणारे भाग नाहींत, म्हणून त्या पडण्यास भीत नाहींत. पण त्यांच्या चिपा एकाएकीं निकामी होतात, आणि त्यांतून मजकूर काढणें कित्येकदां अधिकच कठीण जातें. तेव्हां भरवसा वस्तूवर न ठेवतां नकलांवर ठेवावा. पीटर क्रोघ नांवाच्या अमेरिकन छायाचित्रकारानें लोकप्रिय केलेला एक साधा दंडक या कामीं सर्वत्र मान्य आहे : मोलाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि निदान एक प्रत घराबाहेर दुसऱ्या गांवीं असावी. एक डिस्क सानगडीस, एक नागपुरास, आणि एक प्रत इंटरनेटवरील सांठ्यांत, एवढी व्यवस्था करावयास एक रविवार पुरे होतो. वर्षांतून एकदां त्या प्रती उघडून पाहाव्यात, म्हणजे झालें.

महाराष्ट्रास ही गोष्ट नवी नाहीं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या आणि तरून वर आल्या, ही कथा घरोघर ठाऊक आहे. ते अभंग लोकांच्या मुखीं आधींच वस्तीस गेले होते, म्हणून नदीला ते बुडवितां आले नाहींत, असा तिचा अर्थ पुष्कळांनीं लावला आहे. आपल्या काळांतही याचें उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या लिहून घेतल्या, संगणकावर नोंदविल्या, आणि कित्येकींचें ध्वनिमुद्रणही झालें. ते दोघेही आतां हयात नाहींत. परंतु २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयामार्फत त्या ओव्या सर्वांपुढें येऊं लागल्या. संग्रह एका डबींत राहिला नाहीं, म्हणून संग्राहकांच्या मागें तो उरला.

सानगडीच्या त्या घराकडे शेवटीं परतूं या. समजा, नातीनें डिस्क त्याच क्षणीं काढली, मऊ कापडांत गुंडाळून डबींत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशीं नागपुरास नेली. कांहीं आठवड्यांनीं यादी येते. बहुतेक ओव्या धड आहेत, कांहीं अर्ध्यावर तुटतात, आणि रोवणीचें एक लांबलचक गाणें मुळींच वाचतां येत नाहीं. त्या गाण्यासाठीं रडत बसण्यांत अर्थ नाहीं, आणि तें गेलेंच असें धरून चालण्यांतही नाहीं. आजीबरोबर त्याच बांधींत वांकून ज्यांनीं पऱ्हे रोवले, अशा दोघी-तिघी गांवांत अजून असतील. त्यांच्या ओसरीवर जावें, तुटलेली ओवी त्यांस ऐकवावी, आणि पुढची ओळ त्यांच्या तोंडून घ्यावी. ती ओळ कदाचित् आजीच्या ओळीहून निराळी असेल. लोकगीताचा स्वभावच तो आहे. मात्र या वेळीं ती उतरून घेतल्यावर, चहाचा पेला खालीं ठेवण्याच्या आधीं, तिची दुसरी प्रत करून ठेवावी.